बुळकांडी आणि पेशीचें दार

परभणी जिल्ह्याचें वर्णन करूं लागलें म्हणजे काळी जमीन, ज्वारी, कापूस आणि गोदावरी हे शब्द आपोआप ओठावर येतात. पण ती जमीन ज्यांच्या बळावर कसली गेली, त्या लाल कंधारी आणि देवणी बैलांचा इतिहास कोणी फारसा सांगत नाहीं. आणि गोठेच्या गोठे रिकामे करणाऱ्या त्यांच्या वैऱ्याचा तर मुळींच नाहीं. त्या रोगाचें नांव बुळकांडी. हा शब्द ऐकून ज्यांना आज कांहींच आठवत नाहीं, ते भाग्यवान होत.

प्रथम ताप, मग डोळ्यांतून व नाकांतून स्राव, तोंडांत व्रण आणि शेवटीं न थांबणारी हगवण. आठ-दहा दिवसांत जनावर आडवें होई. पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेली म्हणजे कुणब्याचें तें वर्ष गेलें. आणि सावकाराच्या पैशानें नवी जोडी घेतली तर पुढचीं चार वर्षेंही गेलीं!

या रोगाशीं शास्त्रीय झुंज घेण्याचा हिंदुस्थानांतील पहिला अड्डा महाराष्ट्रांतच, पुण्यास होता. तेथें ९ डिसेंबर १८८९ रोजीं सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. परंतु इतका संसर्गजन्य रोग भरवस्तींत बाळगणें धोक्याचें, म्हणून १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. रॉबर्ट कॉखसारखा शास्त्रज्ञ १८९७ सालीं तेथें येऊन गेला. तरी हातीं खरें शस्त्र लागावयास आणखी तीस वर्षें जावीं लागलीं, आणि तें शस्त्र दिलें एका शेळीनें.

इ. स. १९२० नंतरच्या दशकांत मुक्तेश्वरच्या जे. टी. एड्वर्ड्स यांनीं गाईच्या अंगांतील बुळकांडीचा विषाणु शेळींत टोचला. तिच्यापासून दुसऱ्या शेळींत, दुसरीपासून तिसरींत, असा तो पुष्कळ पिढ्या शेळ्यांतच फिरविला. पुढें तोच विषाणु गाईला टोचला, तेव्हां तिला किरकोळ ताप आला, आणि नंतर तिला बुळकांडी होईना. शेळींत मुरलेला विषाणु गाईच्या घरीं जणूं परका झाला होता. असें कां व्हावें, हें मात्र एड्वर्ड्स यांना कळण्यासारखें नव्हतें.

विषाणु जिवंत पेशीवांचून वाढूं शकत नाहीं, आणि पेशींत शिरण्यास त्याला दार हवें असतें. तें दार म्हणजे पेशीच्या अंगावरील एखादें प्रथिन. इ. स. २००० मध्यें जपानांत यानागी यांच्या प्रयोगशाळेनें असें दाखविलें कीं, मुलांना गोवर आणणारा विषाणु ‘स्लॅम’ नांवाच्या प्रथिनास चिकटून आंत जातो. हें प्रथिन असतें शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशींवर. म्हणजे चोर शिरतो तो थेट पहारेकऱ्याच्याच खोलींत! पुढच्याच वर्षीं त्याच शास्त्रज्ञांना आढळलें कीं गुरांची बुळकांडी आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर यांचे विषाणुही याच दारानें जातात. हीं एकाच कुळांतील भावंडें आहेत.

दार एक, पण प्रत्येक प्राण्यांत त्याच्या कुलपाची घडण थोडी निराळी. प्रत्येक विषाणूची किल्ली आपल्या यजमानाच्या कुलपांत नीट बसते, दुसऱ्याच्या कुलपांत कमीअधिक अडते. गाय आणि शेळी या जवळच्या नात्याच्या, म्हणून बुळकांडीस शेळींत शिरतां आलें. गोठ्यांत निजणाऱ्या गुराख्यास मात्र ती कधीं झाली नाहीं. तरीही एड्वर्ड्स यांच्या यशाचें सारें श्रेय या कुलपास देणें मला योग्य वाटत नाहीं. दार उघडलें म्हणजे घर हस्तगत झालें असें नव्हे. आंतील यंत्रणाही विषाणूस राबवितां यावी लागते, आणि त्याचें दौर्बल्य पुष्कळदां तेथेंच असतें. शिवाय यजमानाची जातही पाहावी लागे. शेळीची ही लस आपल्या मैदानी वशिंडाच्या गुरांना मानवली. डोंगरी व विलायती रक्ताच्या गुरांना ती जड जाई.

देशव्यापी निर्मूलन-मोहीम १९५४ सालीं सुरू झाली, तेव्हां परभणी हैदराबाद राज्यांत होती. पुढें केनियांत प्लाउराइट यांनीं पेशींच्या संवर्धनावर सौम्य लस सिद्ध केली, ती कोणत्याही जातीच्या गुरांना चाले. भारतांतील शेवटचा प्रादुर्भाव १९९५ सालीं झाला, आणि २०११ सालीं जग बुळकांडीमुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. परभणीस १९७२ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. तेथील आजच्या विद्यार्थ्यांना ही व्याधि पुस्तकांतच भेटते.

शेळीची गोष्ट मात्र संपलेली नाहीं. शेळ्यामेंढ्यांना होणारा पीपीआर हा बुळकांडीच्याच कुळांतील रोग. भारतांत तो १९८७ सालीं तामिळनाडूंत ओळखला गेला. तत्पूर्वीं असें शेळ्यांचें मरण बुळकांडीच्या खातीं पडत असे. लोकही त्याला शेळ्यांची बुळकांडीच म्हणतात. पीपीआरच्या किल्लीस माणसाचें स्लॅम उघडत नाहीं. परंतु इंग्लंडांतील पिरब्राइटच्या शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं प्रयोगशाळेंत दाखविलें कीं त्या किल्लीचा एकच दांता, म्हणजे प्रथिनांतील एकच घटक, बदलला तर तें उघडूं शकतें. गोवराच्या लशीनें किंवा गोवर येऊन गेल्यानें माणसाच्या रक्तांत जें संरक्षण उत्पन्न होतें, तें या बदललेल्या किल्लीसही अडवितें, असेंही त्यांना दिसलें. तेव्हां घरांतील मुलाला टोचलेली गोवराची लस आणि गंगाखेडच्या एखाद्या विधवेनें पोटासाठीं पाळलेली उस्मानाबादी शेळी यांचा संबंध आहे. ती शेळी गेली तर तिची सारी पुंजी गेली. पीपीआरची लस भारतांत तयार होते, आणि २०३० पर्यंत हा रोगही जगांतून नाहींसा करण्याचें आंतरराष्ट्रीय संस्थांनीं ठरविलें आहे.