बांबूचे कसब आणि बांबूचा हक्क



आपल्या पोरांच्या हातात कसब नाही म्हणून रोजगार नाही, असे सभेत नेहमी ऐकू येते. इतिहास पाहिला तर गोष्ट इतकी सरळ नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बुरुड माणसाला सूप, टोपली, ताटी विणणे बापजाद्यांपासून येत होते. कसब होते, बांबू त्याचा नव्हता. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला चक्क झाडात धरले! जंगलातून तोडायचा तर वनखात्याची परवानगी, न्यायचा तर वाहतूक पास. इकडे बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे मात्र बांबूचे ट्रकच्या ट्रक गेले. मी मिल कामगार, शाळा जेमतेम. पण कच्चा माल ज्याच्या ताब्यात, कमाई त्याच्या घरी, एवढे मिलमध्ये कोणालाही समजते.

बाबासाहेबांनी कसबाचा प्रश्न फार आधी ओळखला होता. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी नुसते कॉलेज मागितले नाही. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत त्यांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी केली. म्हणजे शिक्षण तिथे, जिथे यंत्र आणि काम दोन्ही समोर आहे.

बांबूच्या हक्काची वाट गोंड बांधवांनी उघडली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतूक पास वनखात्याच्याच हाती. गाव हटले नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन पासाचे पुस्तक देवाजी तोफा यांच्या हाती दिले. मग ग्रामसभाच बांबू विकू लागली.

यानंतर २०१४ मध्ये शासनाने मूल रस्त्यावरील चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर केले. २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून सुटला. शेताच्या बांधावर लावावा, तोडावा, विकावा.

तेव्हा पोरगा असो की पोरगी, प्रशिक्षणाला पाठविताना प्रमाणपत्राच्या आधी हे विचारा : शिकल्यावर बांबू कुठून मिळेल, कोणत्या भावाने, आणि केलेला माल घेणार कोण?