दगडफुलाच्या रंगाचे मोजे

दुपारचे चार वाजायचे आहेत, आणि इथं तिन्हीसांज झाली आहे. साल १८४८, नोव्हेंबर संपत आलेला. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्याला गेअरलॉख नावाचा परगणा आहे, त्यातल्या लॉख मारी सरोवराच्या काठानं तुम्ही चालला आहात. पलीकडचा स्लिओखचा डोंगर ढगानं गिळला आहे. पावसाला जोर नाही, पण तो थांबतही नाही.

तुमच्या पुढं वीसएक पावलांवर एक बाई चालली आहे. पाठीवर फोकांची मोठी पाटी, दोरखंड छातीवरून घेतलेला. पाटीत पीट आहे, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली काळी माती. या मुलखाचं जळण तेच. ओझ्यानं बाई कमरेत वाकली आहे. पण तिचे हात पाहा. दोन्ही हात मोकळे आहेत आणि ते विणताहेत. लोकरीचा गुंडा कनवटीला, सुया पोटाशी, नजर वाटेवर. एकदाही ती खाली पाहत नाही. चिखलातून पाय उचलायचा, टेकवायचा, आणि तेवढ्यात चार टाके पडलेले असतात.

तिच्या मागोमाग तुम्ही घरात शिरा. दार ठेंगणं आहे, डोकं सांभाळा. जाड दगडी भिंती, वर गवताचं छप्पर, आणि जमिनीवर अगदी मधोमध पेटलेली चूल. धुराडं नाही. धूर आधी खोलीभर हिंडतो, मग वाट सापडेल तिथून बाहेर पडतो. डोळ्यांना धार लागते. खालच्या अंगाला गाय बांधली आहे, तिच्या श्वासाची ऊब इथवर येते.

“ये, बस. ओलं झालंयस,” बाई म्हणते. बोलणं गेलिक आहे, पण पुढं सरकवलेलं स्टूल कुठल्याही भाषेत कळतं.

ती लोकर हातात देते. घरच्या चार मेंढ्यांची आहे. बोटांना तेलकट लागते, नखांत ओशट वास राहतो. तो मेंढीच्या अंगचा चिकटा. तो पार धुऊन काढायचा नसतो, कारण त्यावरच पाऊस ओघळतो. थोरली मुलगी तारांच्या दात्यांच्या दोन फळ्यांवर लोकर पिंजते आहे. तिचे पेळू होतात, पेळूचं चरख्यावर सूत होतं. तुम्हीही एक पेळू धरून बघा. पीळ कमी पडला की धागा पोचट होऊन तुटतो, जास्त झाला की गुंतून त्याची गाठ होते. बाई तुमचा तुटका धागा उचलते, जिभेनं टोक ओलं करते आणि जोडून देते. काही बोलत नाही.

कोपऱ्यातल्या लोखंडी हंड्यात रंग शिजतो आहे. एक थर लोकरीचा, एक थर खडकावरून खरवडून आणलेल्या करड्या खपल्यांचा, असं वरपर्यंत भरून तासन् तास उकळायचं. या खपल्यांना गेलिकमध्ये क्रॉटल म्हणतात. चिमूटभर हातात घ्या, ओळख पटेल. तुमच्या स्वयंपाकघरातल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडतं, त्याच कुळातलं हे. आपण त्याचा वास घेतला, यांनी त्याचा रंग घेतला. तुरटी नको, दुसरं काही नको. करड्या खपलीतून गंजाचा, तांबूस-तपकिरी रंग उतरतो आणि लोकर झिजली तरी जात नाही. निळ्या रंगाला मात्र शिळं मूत्र लागतं, दाराआडच्या पिंपात ते साठवलेलं आहे. नीळ विकत घ्यावी लागते. या काळात ब्रिटनमध्ये येणारी बरीचशी नीळ बंगालची आहे आणि ती पिकवणाऱ्या रयतेचे हाल हा वेगळाच विषय आहे. पण या काळोख्या घरात बसूनही तो आठवल्याशिवाय राहत नाही.

बाईचा नवरा मासेमारीला जातो. तो क्रॉटलचे मोजे घालून होडीत पाऊल टाकणार नाही. जे खडकावरून आलं ते खडकाकडंच परत जातं, अशी कोळ्यांची समजूत आहे.

मग हे मोजे कोणाचे?

मोठ्या लोकांचे. किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा चुणीदार घागरा, गुडघ्याशी संपतो, म्हणून पोटरी उघडी दिसते आणि पोटरीवरचा मोजा हा मिरवायचा दागिना होतो. १७४६ च्या कायद्यानं हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ मुलखाच्या, पुरुषांच्या या पोशाखावर बंदी घातली होती, ती १७८२ त उठली. १८२२ त राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा खुद्द राजानंच किल्ट चढवला. तेव्हापासून शिकारीला येणारे उमराव आणि जमीनदार नक्षीचे मोजे मागू लागले. गुडघ्याखाली दुमडलेली नक्षीदार पट्टी हवी, चौकटी हव्यात, जोडीतले दोन्ही पाय हुबेहूब हवेत.

आणि विणणाऱ्या घरात बटाटा नाही. १८४६ त करपा आला आणि सबंध किनाऱ्यावरचं पीक कुजलं. परगण्याचा कारभार लेडी मेरी मॅकेन्झी या विधवा जहागीरदारीणबाईंच्या हाती आहे. पती १८४३ त गेले, सावत्र मुलगा अजून अज्ञान आहे. सरोवराच्या काठानं रस्ता व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हे दुष्काळी काम. अशा कामावर दिवसभर दगड वाहिले की एक पौंड पीठ मिळतं, अर्ध्या किलोलाही थोडं कमीच. बायकांसाठी मोजे विणण्याचं काम उभं राहिलं तेही लेडी मेरींच्या पुढाकारानं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, मी ते मनापासून देतो. पण या चुलीशी बसल्यावर दिसतं ते असं, की त्यांनी बाजार दाखवला. हात आधीपासून तयार होते.

ते हात आता जवळून पाहा. पोलादी सुया, दोन्ही टोकांना अणकुचीदार. तीन सुयांवर मिळून ऐंशी टाके गोलाकार बसवलेले, चौथी सुई विणणारी. सुरुवात वरच्या पट्टीपासून. चार टाके तांबूस, चार पांढरे, पुन्हा चार तांबूस. एक रंग विणला जात असताना दुसरा मागून आडवा पळत असतो. खरी परीक्षा तिथं आहे. मागचा धागा ताणला गेला तर चौकट आक्रसते आणि मोजा पोटरीवर चढत नाही. सैल राहिला तर घालताना त्यात अंगठा अडकतो. हे माप कुठं लिहिलेलं नाही. दर चार टाक्यांनी बाई उजव्या तर्जनीनं विणलेला भाग किंचित सारखा करते, बस, तेवढंच.

पट्टी झाली की ती सगळं काम आतबाहेर उलटं करते. तुम्हाला वाटेल चुकलं. पण पट्टी घातल्यावर खाली दुमडायची आहे, म्हणजे तिची सुलट बाजू तेव्हा बाहेर यायला हवी. पुढं पोटरीच्या मागच्या रेषेवर दोन-दोन टाके एकत्र घेत मोजा घोट्याकडं निमुळता होतो.

चुलीपलीकडं एक म्हातारा बसला आहे, बाईचा बाप. तुमचा चेहरा तो केव्हापासून न्याहाळतो आहे. तरुणपणी तो अठ्ठ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीत होता. गेअरलॉख ज्या रॉसशायर जिल्ह्यात येतं तिथल्याच माणसांची ती पलटण, सीफोर्थच्या मॅकेन्झींनी १७९३ त उभारलेली.

“असई,” तो म्हणतो. उच्चार वेडावाकडा आहे, तरी गाव कळतं. भोकरदनजवळचं असई, केळणा आणि जुई नद्यांच्या मधलं. २३ सप्टेंबर १८०३ ला ही पलटण तिथं शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर चालून गेली. किती पडले ते तो सांगत नाही. सांगतो ते मोज्यांचं: “आमच्या वेळी पलटणीत विणलेले नव्हते. कापडाचे होते, शिवलेले.” लाल-पांढऱ्या चौकटींचं कापड उरेब कापायचं, कारण सरळ कापडाला ताण नसतो, आणि मागं शिवण घालायची. शिवण पायाला काचायची. विणीनं ती काचणी घालवली, कापडावरच्या चौकटी मात्र जशाच्या तशा उचलल्या.

दिवा बारीक झाला आहे. माशाचं तेल, लव्हाळ्याच्या गाभ्याची वात. बाई टाचेवर आली आहे. निम्मे टाके बाजूला ठेवून निम्म्यांवर मागंपुढं विणायचं, मग टाचेचा खोलगा वळवायचा. पोरं गप्प होतात. आई टाच वळवताना बोलायचं नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तिचे ओठ हलतात, मोजणी चालू आहे. तुम्हीही श्वास धरून ठेवता. मग ती मोजा उचलून उजेडात धरते, आत मूठ घालून फिरवते. टाच मुठीवर चपखल बसते.

पुढं १८७७ च्या सप्टेंबरात राणी व्हिक्टोरिया याच काठावरच्या टॅलाडेलच्या हॉटेलात सहा रात्री राहिली. तिच्या मुक्कामाच्या तारखा नोंदल्या गेल्या. या बाईचं नाव मला कुठं सापडलं नाही.

गेअरलॉखच्या संग्रहालयात असे मोजे आजही आहेत. शीतयुद्धाच्या काळातल्या एका काँक्रीटच्या लष्करी इमारतीत २०१९ पासून ते संग्रहालय आहे. स्कॉटलंडला जाणार असाल, तुमच्यापैकी कुणाची मुलं तिकडं शिकत असतील, तर तिथं जरूर जा. नक्षी बाहेरून सगळेच पाहतात. तुम्ही तिथल्या माणसांना विनंती करा आणि मोज्याची आतली बाजू दाखवायला सांगा.