चूल एक, चवी दोन

गेल्या वीकांताला श्रीरामपूरला घरी गेलो होतो. (रेल्वेच्या लेखी आमचं स्टेशन 'बेलापूर', त्यामुळे पुण्यातले मित्र हमखास नवी मुंबई समजतात!) कपाट आवरताना जुनं रेशनकार्ड सापडलं. वर आजोबांचं नाव, खाली बाकीची मंडळी. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, असा साधा हिशेब. आई म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा मला बाजरीची भाकरी थापता येत नव्हती. तुझ्या आजीने शिकवली. माझ्या माहेरची आमटी मात्र या घरात कधी झाली नाही."

झालं, डोक्यात किडा शिरला. पुण्यातले माझे दोन मित्र, दोघेही पुरुष, सहा वर्षं एकत्र संसार करतायत. तिथे सून कोण? आमटी कोणाच्या आईची?

नवऱ्याच्या ताटाप्रमाणे बायकोने बदलायचं, ही आपली जुनी रीत. पण ती नेहमी सरळ चालली नाही. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नंतर नगरला पुन्हा एकत्र आल्या, पण सोवळं-ओवळं लगेच सुटलं नाही. ते हळूहळू सुटलं, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. थोडक्यात काय, मन आधी बदललं की पान, हे सांगणं कठीण.

मग पुरुष-पुरुष किंवा बाई-बाई अशा जोडप्यात काय होतं? अमेरिकेत कोरीन रेझेक आणि डेब्रा अंबरसन यांनी २०१२ साली यावर अभ्यास छापला. स्त्री-पुरुष जोडप्यांत जोडीदाराच्या तब्येतीची आणि खाण्याची काळजी बहुतेक बायकोच वाहते. समलिंगी जोडप्यांत मात्र दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतात, असं जास्त वेळा दिसलं. रेझेक यांच्या दुसऱ्या लेखात उलटी बाजूही आहे: जोडीदार एकमेकांना वाईट सवयीही लावतात!

माझ्या मित्रांचंही तेच. एकाला मधुमेह निघाला तेव्हा दोघांच्याही चहातली साखर गेली. पण रात्री बाराला मिसळ खायला नेणारा तो दुसराच!

१७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. मात्र २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरा. म्हणजे लग्न नाही, पण चूल एक! गंमत वाटली, आणि थोडं वाईटही. ज्याच्यासाठी साखर सोडली तो दवाखान्याच्या फॉर्मवर आजही 'मित्र'च.

असो. रविवारी आईला म्हटलं, तुझ्या माहेरची आमटी कर. बाबांनी दोनदा वाढून घेतली. पस्तीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.