मोटारीतील एसीचे पाणी : गळती व दुरुस्ती

एसी चालू असताना डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर हवेतल्या बाष्पाचे पाणी होते. ते गाडीखाली रस्त्यावर पडायला हवे. तसे न होता ते आत, पायांशी उतरू लागले की त्याला एसीची गळती म्हणतात. बहुतेक वेळा एसीत बिघाड नसतो. पाण्याची वाट तुंबलेली असते.

गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तेच कॉइलवर घडते. ३० अंश सेल्सियसची, ८० टक्के आर्द्रतेची हवा, म्हणजे मुंबई-रत्नागिरीकडची पावसाळी हवा, १० अंशांपर्यंत निवली तर दर घनमीटरमागे सुमारे १५ ग्रॅम पाणी सोडते. बाहेरची हवा आत घेत चाललेली गाडी अशा दिवसांत तासाला लिटरभराहून अधिक पाणी सहज काढते. आतलीच हवा फिरवत ठेवली तर बरेच कमी. तेव्हा गाडीखालचे स्वच्छ पाण्याचे डबके पाहून घाबरू नये. ऐन पावसाळ्यात एसी लावूनही ते दिसेनासे झाले, तर मात्र लगेच लक्ष घालावे.

१९४० च्या पॅकार्ड गाड्यांत कॉइल मागच्या आसनामागे असे. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा पुढच्या भागात आणली. आजही रचना तशीच असल्याने तुंबलेले पाणी पुढच्या माणसाच्या पायांवर येते. कॉइलच्या पेटीच्या तळाशी जमलेले पाणी बोटाएवढ्या जाड रबरी ड्रेन पाइपमधून फायरवॉलपलीकडे, म्हणजे केबिन आणि इंजिन यांमधल्या पत्र्यापलीकडे, उतरते. केबिन फिल्टर वेळेवर न बदलल्यास धूळ, पानांचा चुरा आणि ओल मिळून त्या पाइपात गाळ बसतो. कच्च्या रस्त्याचा चिखल बाहेरून तोंड बुजवतो. बरेच दिवस उभ्या गाडीत कुंभारमाशी तिथे घरही बांधते. पेटी भरली की गाडी उजवीकडे वळताना आत खळखळ ऐकू येते आणि क्लीनर साइडला बसलेल्याच्या पावलावर पाणी सांडते. ही खूण फार बोलकी आहे.

हात घालण्याआधी पाणी कुठले ते ठरवावे. पांढरा कागदी रुमाल ओलीवर दाबावा. रंगहीन, बिनवासाचे पाणी एसीचे किंवा पावसाचे. कोरड्या दिवशी फक्त एसी लावल्यावर आले तर एसीचेच. हिरवट किंवा गुलाबी, चिकट, गोडसर वासाचे असेल आणि काचेवर तेलकट धुके धरत असेल, तर ते हीटरच्या कॉइलमधून गळणारे कूलंट. ते विषारी असते, चाखून पाहू नये.

ड्रेन पाइप मोकळा करणे हे थोड्या वेळाचे काम आहे. गाडी रॅम्पवर किंवा घोड्यांवर (जॅक-स्टँडवर) घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. पाइपचे टोक दोन बोटांत दाबून सोडले तरी कित्येकदा गाळ सुटतो, आणि चहाच्या रंगाचे, मातकट वासाचे पाणी भसकन बाहेर येते. नाही सुटला तर नायलॉनची मऊ जाड दोरी हलक्या हाताने वर सरकवावी किंवा कमी दाबाने हवा मारावी. टोकदार तार मुळीच घालू नये. कॉइलला छिद्र पडले की गॅस जातो आणि पूर्ण डॅशबोर्ड उतरवण्याची वेळ येते. पाइप मोकळा असूनही गळत असेल तर तो आतून निसटला आहे का, गार पाइपावरचा फोम फाटला आहे का, हे पाहावे. गॅस कमी झाल्याने किंवा फिल्टर बुजल्याने कॉइलवर बर्फ धरत असेल, तर तो वितळताना एकदम लोंढा येतो. तिथे मूळ दोषच काढावा लागतो.

पाणी थांबले की काम संपले असे समजून गाडी परत नेली जाते, आणि खरे नुकसान तिथून सुरू होते. वरचे कार्पेट कोरडे लागते. खालचा नमदा लिटरच्या लिटर पाणी धरून बसतो. त्यातून कुबट वास, बुरशी आणि पत्र्याला गंज येतो. सीटखालचे वायरिंगचे जोड हिरवे पडतात. म्हणून कार्पेट उचलावे, नमदा दाबून हात ओला होतो का पाहावे, आणि ओला असेल तर बाहेर काढून दोन-तीन दिवस उन्हात किंवा पंख्याखाली वाळवावा. तो परत बसवण्याआधी दमट हवेत वीसेक मिनिटे एसी चालवून गाडीखाली थेंब पडू लागल्याची आणि आतला पत्रा कोरडा राहिल्याची खात्री करावी.