गडी, लिलाव आणि पलटण

२९ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. मैदान पुण्याचे, प्रेक्षकही बव्हंशी पुण्याचे. पुण्याचा संघ मात्र त्यात नव्हता. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सचा ३२-२३ असा पराभव केला आणि करंडक उचलणाऱ्यांत इराणचा मोहम्मदरझा शादलुई होता. दहाच महिन्यांपूर्वी, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत, हाच शादलुई पुणेरी पलटणच्या पोशाखात याच हरियाणाविरुद्ध खेळला होता आणि २८-२५ अशा विजयाने पुण्याला पहिले विजेतेपद मिळाले होते. आमच्यापैकी एक जण त्या संध्याकाळी बालेवाडीच्या प्रेक्षागारात होता. मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘आपलाच गडी, आपल्याच अंगणात, आणि कप दुसऱ्याच्या घरी!’

या ‘आपला गडी’ने आम्हांला विचारात पाडले. मराठीत ‘गडी’ म्हणजे खेळातला भिडू, आणि ‘गडी’ म्हणजे पगारावर ठेवलेला चाकरही. एकाच शब्दात सोबत आणि मोल या दोन्ही गोष्टी नांदतात. हुतूतूच्या काळात गडी वाटून घेतले जात. आज त्यांचा लिलाव होतो. लिलावातून आलेला आणि लिलावातच गेलेला गडी ‘आपला’ किती? शादलुईला सोडणे ही पुण्याची घोडचूक होती, असे शहरात सर्रास बोलले गेले. आम्हांला ते पटत नाही. मात्र हे न पटणे नुसत्या तर्कावर न ठेवता गेल्या काही हंगामांचा इतिहास एकदा क्रमाने लावून पाहायला हवा.

२०१४ साली आठ संघांनिशी लीग सुरू झाली तेव्हा पुणेरी पलटण तळाला होती. २०१५ सालीही तीच गत. २०१६ मध्ये मनजित छिल्लरसारखा नामांकित अष्टपैलू कर्णधार म्हणून आला आणि संघ एकदम तिसऱ्या क्रमांकावर गेला. तारा आणला की संघ वर येतो, ही समजूत पुण्यात रुजली ती बहुधा इथे. पुढच्या वर्षांत कर्णधार बदलले, प्रशिक्षक बदलले, विजेतेपद आले नाही. या धामधुमीत एक गोष्ट कोणाच्या फारशी नजरेत भरली नाही. युवा पलटण या नावाने कोवळ्या मुलांना घडवण्याचे काम सुरू होते आणि त्यातून अहमदनगर जिल्ह्यातला (आजच्या अहिल्यानगरमधला) अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे दोन चढाईपटू आठव्या हंगामात मुख्य संघात आले. त्यांच्यासाठी कोणी बोली लावली नव्हती.

२०२२ च्या लिलावात पुण्याने इराणच्या फझल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांना घेतले आणि कर्णधार केले. फझल डाव्या कोपऱ्यातला रक्षक. कबड्डीशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी सांगायचे तर, कोपरारक्षक हा चढाई करणाऱ्याचा घोटा किंवा मांडी धरतो. पण ती पकड टिकते ती शेजारच्या गड्यांची साखळी वेळेवर मिटली तरच. एकट्याची पकड म्हणजे बहुतेकदा एकट्याचे बाद होणे. उपांत्य सामना पुण्याने जिंकला, तो पंकज मोहितेच्या चढायांवर. पण १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरविरुद्धच्या अंतिम सामन्यात अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीमुळे बाहेर होते. पुणे २९-३३ असे हरले. संघातला सर्वांत मोठा तारा मैदानावर होता. नव्हती ती दोन घरची पोरे.

पुढच्या वर्षी व्यवस्थापनाने फझलला सोडले, अस्लमला कर्णधार केले आणि त्याच डाव्या कोपऱ्यासाठी शादलुईवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले. परदेशी खेळाडूसाठी तोवरची ती सर्वांत मोठी रक्कम होती. त्या हंगामात शादलुईने पकडींचे ९९ गुण मिळवले, लीगमध्ये सर्वाधिक. हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू मात्र अस्लम ठरला. अंतिम सामन्यात मध्यंतरापूर्वी पंकजने एकाच चढाईत चार गडी टिपले. शादलुईची किंमत वसूल झाली यात शंका नाही. पण ती ज्या जमिनीवर झाली ती आधीच नांगरलेली होती.

आता सोडण्याचा हिशेब. प्रत्येक संघाला खेळाडूंसाठी साधारण ५ कोटींची मर्यादा होती. म्हणजे एका गड्यावर ४७ टक्के, आणि उरलेल्या सगळ्यांवर ५३. विजेत्या संघातल्या तरुणांची किंमत विजयाबरोबर वाढते. सगळ्यांना ठेवायचे तर सर्वांत महागड्याला बाजारात पाठवून कमी बोलीत परत मिळतो का पाहायचे, हा एकच मार्ग उरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये हरियाणाची बोली २ कोटी ७ लाखांवर थांबली आणि पुण्याने ती ओलांडली नाही. आदल्या अंतिम सामन्यात हरलेल्या संघाने जिंकलेल्या संघाचा कोपरा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी करंडक नेला. या हिशेबात हरियाणाचे शहाणपण आहेच. पण पुण्याच्या घसरणीचे कारण तेच होते का? त्या हंगामाच्या मध्यातच अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर गेला. संघ पहिल्या सहांतही आला नाही. मग २०२५ चा बारावा हंगाम पाहावा: शादलुई नाहीच (तो तेव्हा गुजरातकडे होता), अजय ठाकूर प्रशिक्षक, अस्लम पुन्हा कर्णधार, आणि पुणे साखळीत अव्वल. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत अंतिम सामना २८-३१ असा गेला. तीन गुणांनी मिळवलेले विजेतेपद आणि तीन गुणांनी हुकलेले विजेतेपद, यांत दोन कोटींच्या गड्याचा फरक शोधणाऱ्याने शोधावा. आम्हांला दिसतो तो गुडघ्याचा फरक.

नाट्येतिहास शिकवणाऱ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून गेले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. किर्लोस्कर मंडळी आता बुडालीच, असेच कोणालाही वाटले असते. पण मंडळीने दीनानाथ मंगेशकर या कोवळ्या वयाच्या मुलाला पुढे आणले आणि पुन्हा रंग भरला. १९१८ मध्ये दीनानाथही चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी निघाली. ताऱ्याच्या जाण्यातून मंडळी सावरली होती. घडवलेला मुलगा गेला तेव्हा तिला पूर्वीसारखे उभे राहता आले नाही. आपण वर्गात या फुटींची कारणे मानापमान, पैसा, मालकी अशी शिकवतो. कोण गेले यापेक्षा मागे कोण घडत होते, हा प्रश्न क्वचितच विचारतो.

अर्थात तुलना फार ताणू नये. नाटकमंडळीतला नट स्वतःच्या पायांनी जात असे, प्रसंगी फोडलाही जात असे. लिलावातल्या गड्याला तेवढीही मुभा नाही. फझल पुण्यातून गुजरातेत गेला तो १ कोटी ६० लाखांना, त्यात त्याच्या पसंतीला कितीशी जागा होती? आणि अस्लमचे काय? आजवर पुण्याने त्याला राखून ठेवले आहे. पण राखणे हा शब्दही धनाबद्दल वापरतात, सोबत्याबद्दल नव्हे. तो गुडघा पुन्हा दुखावला तर हिशेबाच्या वहीत कोणता आकडा पुढे येईल, हे बालेवाडीच्या त्या गृहस्थांना विचारावेसे वाटते.

२०२५ च्या त्या अंतिम सामन्यात दिल्लीच्या बचावफळीत एक ओळखीचा चेहरा होता. फझल अत्राचली.