भाऊ दाजींची साक्ष

भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. जुने शिलालेख वाचणारे विद्वान म्हणून आपण त्यांना ओळखतो. मला मात्र ते आठवतात ते साक्षीदार म्हणून.

२१ ऑक्टोबर १८६० च्या 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात करसनदास मुळजींनी वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर झोड उठवली. जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला.

लिहिलं ते खरं, हाच करसनदासांचा बचाव. म्हणजे साक्षीदार हवेत! भाटिया पुढाऱ्यांनी तर साक्ष देणाऱ्याला वाळीत टाकायचं ठरवलं. त्यापायी नऊ जणांना दंड झाला.

१८६२ च्या जानेवारीत सुनावणी सुरू झाली. महाराजांनी शपथेवर गुप्तरोगाचा इन्कार केला. भाऊ दाजी आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांनी मात्र त्याच रोगावर उपचार केल्याचं सांगितलं. न्यायालयाने डॉक्टरांवर विश्वास ठेवला. २२ एप्रिलला करसनदासांचा बचाव मान्य झाला.

डॉक्टरने रोग्याचं गुपित फोडावं का? प्रश्न मलाही पडतो. पण गप्प राहिले असते, तर खोटी शपथ टिकली असती आणि खरं लिहिणारा बुडाला असता.

साक्षीत बोलल्याबद्दल साक्षीदारावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. जाणूनबुजून खोटं बोलला, तर मात्र तो गुन्हा. कायदा एवढं कवच देतो. वाळीत पडण्याची भीती ज्याची त्यालाच गिळावी लागते.