पडद्यावरची नगरी

दाखल्यासाठी नगरपालिकेच्या खिडकीपुढे तासन् तास तिष्ठण्याचा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? ही सारी कचेरीच, चौकासकट आणि कारकुनासकट, संगणकाच्या पडद्यावर उभी करता आली तर? हा विचार नवा नाही. त्याचा इतिहास लहान असला तरी बोधप्रद आहे.

आरंभीचा एक लक्षणीय प्रयत्न ॲम्स्टरडॅमचा. १९९४ च्या जानेवारीत, नगरसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, तेथे 'डिजिटल नगरी' उघडली. नागरिकांनी टेलिफोनच्या तारेवरून तीत शिरावे, नगरपालिकेची माहिती वाचावी, नगरसेवकांशी बोलावे, हा हेतू. प्रारंभी तेथे चित्रे नव्हती, नुसती अक्षरे होती. प्रयोगही अवघ्या दहा आठवड्यांचा. परंतु पुढे त्या नगरीत चौक आखले गेले, लोकांनी आपापली घरे मांडली, आणि ती कित्येक वर्षे नांदली.

त्यानंतर माणसाची प्रतिमा हिंडू शकेल अशी त्रिमित जगे निघाली. त्या प्रतिमेला नाव मिळाले ते आपल्याच पुराणांतले, 'अवतार'! २००७ साली स्वीडनने 'सेकंड लाइफ' या जगात आपले दूतावासगृह थाटले. मात्र तेथे व्हिसा मिळत नसे. तो कसा मिळवावा एवढेच समजे.

सर्वांत मोठी झेप सेऊलची. दक्षिण कोरियाच्या या राजधानीने २०२१ मध्ये योजना जाहीर केली आणि जानेवारी २०२३ मध्ये आपली आभासी नगरी खुली केली. महापौरांचे दालन, करविषयक सल्ला, तरुणांना मार्गदर्शन, दाखले, सारे तेथे होते. नव्हती ती माणसांची वर्दळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नगरी बंद झाली.

असे का व्हावे? दाखला हवा असलेल्या माणसाला नगरीत हिंडावयाचे नसते. त्याला काम उरकून घरी जावयाचे असते. आणि कोरियात पुष्कळसे दाखले साध्या सरकारी संकेतस्थळावर आधीपासूनच मिळत होते. ॲम्स्टरडॅमची नगरी ओबडधोबड होती, पण तीत नागरिक रहिवासी होता. सेऊलची देखणी होती, पण तीत तो पाहुणा होता, असे मला वाटते.

उद्या आपल्या गावी असा प्रस्ताव आला, तर चित्रे पाहून दिपून जाऊ नका. पैसा आपल्याच करांतला असेल. दोनच प्रश्न विचारा: यामुळे कोणाची खेप वाचणार? आणि येथे आमचे म्हणणे कोण ऐकणार?